नखभर उजेड कमी

आमच्या छापखान्यात दाजींना सगळे ‘नखभर’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, आणि तीही मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ म्हणून. हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलेलं आहे. कुठलंही चित्र त्यांच्यापुढे ठेवा, ते मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात, जरा मागे सरकतात आणि म्हणतात, “बरं आहे. पण नखभर उजेड जास्त झालाय.” नाहीतर कमी झालाय. नाहीतर लाल नखभर चढलाय. त्यांच्या टेबलावरून एकही चित्र नख लागल्याशिवाय सुटल्याचं मला आठवत नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. गिऱ्हाईक फोटो देतं, दाजी तो मॉनिटरवर उघडतात, त्याचा रंग आणि उजेड ताळ्यावर आणतात, आणि त्यांनी मान डोलावली की मगच खाली मशीन फिरतं. मॉनिटरवर दिसलं तेच कागदावर उतरायला हवं, नाही उतरलं तर बोलणी दाजींनी खायची. त्यासाठी मॉनिटर खरं बोलणारा पाहिजे. तो खरं बोलतोय की थापा मारतोय हे बघायला एक छोटंसं यंत्र मिळतं, कॅलिब्रेटर. वायरने लोंबकळत ठेवून ते स्क्रीनच्या मधोमध टेकवायचं, मग ते उजेड मोजतं, रंग मोजतं आणि कुठे किती कमी-जास्त करायचं ते सांगतं. भिंतीला चिकटल्यासारखं दिसतं म्हणून आम्ही त्याला पाल म्हणतो. दाजींना ते आवडत नाही, पण एकदा चिडून तेही म्हणाले होते, “माझ्या पालीला कोणी हात लावला?”

दर सोमवारी सकाळी दाजी पाल लावतात. आधी मॉनिटर चालू करून तो चांगला तापू देतात, खिडकीचा पडदा ओढतात आणि खोलीतून माझ्यासारख्या रंगीत माणसांना बाहेर काढतात. रंगीत म्हणजे शर्टाने. शर्टाचा रंग स्क्रीनवर पडतो आणि चित्राला लागतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, पण खरं असलं म्हणून माणसाने किती ताणावं? दाजी स्वतः कायम राखाडी शर्ट घालतात. ताईच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघितलं की आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. मी एकदा पिवळा शर्ट घालून गेलो तर त्यांनी मला दिवसभर मशीनखात्यात बसवलं. मी आपला तिथे निवांत झोप काढली, ती गोष्ट वेगळी.

घरीही तेच. भिंतीवरचं घड्याळ नखभर कललेलं, भाजीत मीठ नखभर कमी, दार नखभर उघडं. ताई काही बोलायला गेली की हे पेपरमागे. पेपर सरळ धरून, घडी जराही मोडू न देता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. ताई म्हणायची, “माझा संसार पेपराशी झालाय. मी पेपराला विचारते, पेपर हूं म्हणतो.” म्हणताना हसायची. तिचं हसणं मला कधी पुरतं पटलं नाही.

तर एकदा आमचे मालक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. शिबिराहून आलेला माणूस फार धोकादायक असतो. आल्या आल्या त्यांनी गुणवत्ता सप्ताह जाहीर केला. गुणवत्ता वाढवायची म्हणजे काय करायचं, हे शिबिरात सांगितलेलं नसावं, कारण त्यांनी फक्त स्टिकर छापून घेतले. निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘गुणवत्ता माझ्यापासून’. प्रत्येकाने आपल्या मॉनिटरच्या खालच्या काठावर एक चिकटवायचा.

आम्ही चिकटवले. मी माझा चहा पिता पिता एका हाताने चिकटवला, तो एका कोपऱ्यात उताराला लागल्यासारखा बसला. मालकांच्या जावईबापूंनी आपला चिकटवताना अर्धा हवेतच सोडला. दाजींनी मात्र पट्टी आणली. मॉनिटरच्या काठाची लांबी मोजली, मध्य काढला, पेन्सिलने खूण केली, कापडाने पुसून घेतलं आणि श्वास रोखून स्टिकर बसवला. त्या काठावर बरोबर मधोमध तिळाएवढं एक काळं भोक होतं. हा मॉनिटर आल्यापासून ते दाजींच्या डोळ्यांत खुपत होतं. “एवढी महागाची वस्तू आणि प्लॅस्टिकला भोक ठेवलंय बघ.” स्टिकरखाली ते भोक झाकलं गेलं. दाजी मागे सरकले, मान तिरकी केली, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून ऐकलं, “छान.” पुढे नखभर नाही, काही नाही.

पुढच्या सोमवारी पाल रुसली.

स्क्रीनचा उजेड कमी पडतोय, वाढवा, असं ती सांगू लागली. दाजींनी वाढवला. अजून वाढवा. पार टोकाला नेला. तरी पालीचं समाधान होईना. दाजींना वाटलं मॉनिटर तापला नसेल, म्हणून ते थांबले. मग वाटलं वायर सैल असेल, म्हणून वायर बदलली. मग खिडकीच्या पडद्यावर संशय आला, मग छतावरच्या दिव्यावर, आणि शेवटी त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं. “दाजी, राखाडी आहे,” मी म्हणालो. “नखभर निळसर आहे,” ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

शेवटी त्यांनी पाल माझ्या मॉनिटरवर लावून बघितली. माझा मॉनिटर स्वस्तातला, त्याच्याकडून कोणी कशाची अपेक्षा करत नाही, अगदी माझ्यासारखाच. पण पाल लगेच खूश झाली. म्हणजे पालीत दोष नव्हता.

मग मॉनिटरच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, मॉनिटर जुना होत आला की उजेड उतरतो. तुम्ही असं करा, टार्गेटच कमी ठेवा.” म्हणजे पालीला जितका उजेड हवाय तितका मिळत नसेल, तर पालीची मागणीच कमी करायची. परीक्षेत पोरगं पास होत नाही तर पासाचे मार्क खाली आणायचे, तसं. दाजी म्हणाले, “पण मला अंधारलेलं दिसतं हो.” तो म्हणाला, “डोळ्यांना सवय होईल सर.” दाजींनी जिवावर आल्यासारखं टार्गेट उतरवलं. पाल फिरली, रंग मोजले, आणि स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. कॅलिब्रेशन यशस्वी.

त्या हिरव्या खुणेने घात केला. त्यानंतर मॉनिटरवर बोट ठेवायची सोयच उरली नाही.

नंतर आला एका फर्निचरवाल्याचा कॅटलॉग. गडद, जड लाकडाची कपाटं, पलंग, टेबलं. दाजींना स्क्रीनवर ती काळोखात उभी असल्यासारखी दिसत होती, म्हणून त्यांनी प्रत्येक चित्राला उजेड चढवला. जीव ओतून काम केलं. लाकडाची रेघन् रेघ दिसेपर्यंत थांबले नाहीत. कॅटलॉग छापून आला आणि फर्निचरवाला तो घेऊन तरातरा वर आला. “हे माझं कपाट नाही,” तो म्हणाला. “माझं कपाट धडधाकट आहे. हे मोठ्या दुखण्यातून उठलेलं दिसतंय.” खरंच तसं दिसत होतं. सगळं फर्निचर बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं. पलंग तर असा पांढराफटक की त्यावर झोपायचं सोडा, त्यालाच झोपवावंसं वाटावं.

मालकांनी विचारलं, “मॉनिटर तपासला होता?”

“हो,” दाजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. “कॅलिब्रेशन बरोबर आलं होतं.”

“मग?”

मॉनिटर तर पास झाला होता. मग नापास कोण, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. मालकांनी दाजींच्या डोळ्यांकडे बघितलं. जावईबापूंनी बघितलं. फर्निचरवाल्याने बघितलं. आणि लाज वाटते सांगायला, मीही बघितलं.

जावईबापूंची ओळख करून द्यायची राहिली. त्यांनी आधी तीन धंदे बुडवले होते आणि आता सासऱ्यांच्या धंद्याला हात लावायला आले होते. काळा चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही. आमच्याकडे एसी फक्त दाजींच्या खोलीत आहे, कारण मॉनिटरला उकाडा सोसत नाही. आल्या दिवसापासून जावईबापूंचा त्या खोलीवर डोळा होता. “रंगाचं मला उपजतच कळतं,” असं ते एसीखाली उभे राहून म्हणायचे. आता त्यांनी अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “वय झालं की पहिल्यांदा डोळे जातात.”

मग दाजी आंधळे व्हायला लागले. म्हणजे आम्ही त्यांना करायला लागलो. जिन्यावर कोणीतरी त्यांचा दंड धरायचं. मशीनखात्यातले त्यांच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलायचे, जसे काही डोळ्यांबरोबर कानही गेले होते. ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सगळं तपासून सांगितलं, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. म्हणून तो डॉक्टर बिनकामाचा ठरला. मग दुसरा शोधला. त्याने बघितलं, घरचे एवढे घाबरलेत तर काहीतरी द्यायला हवं, आणि डोळ्यांत घालायचे थेंब दिले. तो डॉक्टर हुशार निघाला.

सगळ्यात वाईट म्हणजे दाजींनाही ते पटलं. डॉक्टर चुकू शकतो, पण कॅलिब्रेशन मी स्वतः केलंय, ते कसं चुकेल, असं त्यांचं गणित. एका दुपारी डबा खाताना त्यांनी मला विचारलं, “अरे, खरं सांग. ते कपाट तुला कसं दिसलं?”

मी काहीतरी थट्टा करणार होतो. पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

“जरा फिकट,” मी म्हणालो.

“मला चांगलं दिसलं होतं रे.” त्यांनी डबा झाकला. “मला दुसरं काही येत नाही. लिहिता येत नाही, चार लोकांत बोलता येत नाही. बघता येतं एवढंच. तेही गेलं तर मी करू काय?”

मला त्यांचा इतका कळवळा आला की त्या दिवशी मी खरोखरचा राखाडी शर्ट विकत घेतला.

घरी मात्र एक वेगळंच चाललं होतं. थेंब घातले की डोळे मिटून पडायचं, पेपर वाचायचा नाही, असं त्या हुशार डॉक्टरने सांगितलं होतं. म्हणून संध्याकाळी ताई पेपर वाचून दाखवायची. सुरुवातीला बातमी नुसती वाचायची. मग बातमीत स्वतःचं घालायला लागली. कुठल्या पुढाऱ्याने काय म्हटलं हे वाचलं की लगेच, “हा तर आपल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांसारखाच बोलतो,” आणि मग त्या काकांची अख्खी गोष्ट. दाजी डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी दारात चपला काढत होतो तर आतून दाजींचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं पाहुणे आलेत.

छापखान्यात मालकांनी ठरवून टाकलं. रंगाचं काम जावईबापू बघतील आणि दाजी सल्लागार होतील. सल्लागाराची खुर्ची पाण्याच्या फिल्टरशेजारी मांडली होती. ज्या सकाळी टेबल सोपवायचं होतं त्या सकाळी मालक, जावईबापू आणि मी असे त्यांच्या खोलीत जमलो. स्क्रीनवर फर्निचरवाल्याचं ते कपाट उघडलेलं होतं आणि टेबलावर छापलेलं पान पडलं होतं. जावईबापूंना शिकवायचं होतं ना, की अशी चूक कशी करायची नाही.

स्क्रीनवरचं कपाट चांगलं गडद, तजेलदार दिसत होतं. कागदावरचं आजारी.

दाजींनी स्क्रीन मऊ कापडाने पुसली. पाल गुंडाळून जावईबापूंच्या हातात दिली. ड्रॉवर रिकामा केला. सगळं झालं आणि जायला वळले, तेवढ्यात त्यांचं लक्ष स्टिकरकडे गेलं.

“हा काढायला हवा,” ते म्हणाले.

“राहू द्या हो,” मालक म्हणाले. “बरा दिसतोय.”

“नाही. यावर ‘माझ्यापासून’ लिहिलंय. आता इथे मी नसणार. मग ते खोटं ठरेल.” असा माणूस. खोलीतून हाकललं जात असताना स्टिकरचा खरेखोटेपणा बघतोय. जावईबापू हसले. मला त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली ओढावासा वाटला.

दाजींनी स्टिकरच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि पट्टी हळूहळू सोलत आणली. मध्यापर्यंत आली. आणि स्क्रीनवरचं कपाट उजळायला लागलं.

एकदम नाही. सावकाश, सकाळ होते तसं. गडद लाकूड तपकिरी झालं, तपकिरीचं बदामी झालं, आणि शेवटी ते टेबलावरच्या पानासारखं पांढरंफटक होऊन थांबलं. छापलेलं कपाट आणि स्क्रीनवरचं कपाट जुळे भाऊ दिसू लागले. दाजींनी बोटाच्या टोकाने ते तिळाएवढं भोक झाकलं. कपाट अंधारलं. बोट काढलं. उजळलं. परत झाकलं. परत काढलं.

ते भोक नव्हतंच. मॉनिटरचा डोळा होता तो. खोलीत किती उजेड आहे ते बघून स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा. त्यावर स्टिकर बसला आणि मॉनिटरला वाटलं रात्र झाली, म्हणून त्याने बिचाऱ्याने आपली वात बारीक केली. माझा स्टिकर कोपऱ्यात घसरला होता, जावईबापूंचा हवेत होता, म्हणून आमचे मॉनिटर वाचले. ज्याने पट्टी लावून मध्य काढला त्याचाच मेला. नंतर बघितलं तर ही सोय बंद करायचं बटण मेनूत ‘आराम’ नावाच्या पानावर होतं. त्या पानावर दाजी कधी गेलेच नव्हते. कामाच्या वस्तूत आराम कशाला, म्हणून.

“म्हणजे,” मालक म्हणाले, “डोळे ठीक आहेत?”

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” जावईबापू म्हणाले, “की हा तांत्रिक प्रॉब्लेम आहे.”

दाजी खुर्चीत बसले. मला वाटलं रडतात की काय. पण ते चिडले होते, आणि स्वतःवर चिडले होते. “मीच लावला,” ते म्हणाले. “मोजून लावला. पेन्सिलने खूण करून.” मग त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मान तिरकी केली. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. “कागदावर लाल नखभर चढलाय,” ते म्हणाले, आणि मी त्यांना सगळ्यांदेखत मिठी मारली. त्यांनी माझ्या पाठीवर एकदा थोपटलं आणि मला बाजूला केलं, शर्टाचा रंग पडत होता म्हणून.

पुढे काय व्हायचं ते झालं. मालकांनी प्रत्येकाला बोलावून भोकावर बोट ठेवून दाखवलं, जसा काही शोध त्यांनीच लावला होता. सल्लागाराची खुर्ची फिल्टरशेजारून हलली नाही, फक्त तिच्यावर आता जावईबापू बसतात. आणि मालकांनी नवा नियम काढला, की यापुढे गुणवत्तेचा स्टिकर कुणीही सरळ लावायचा नाही.

त्या संध्याकाळी मी दाजींबरोबर घरी गेलो. ताईला सगळं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. ती आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, मग थेंबांची बाटली उचलून सरळ केराच्या डब्यात टाकली. चहा झाला. तिने पेपर आणून दाजींच्या मांडीवर ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता तुमचं तुम्ही वाचा.” आणि वळली. तिचा आवाज आनंदाचाच होता. पण ती वळली ते मला जरा लवकर वाटलं.

दाजींनी पेपर उघडला. सरळ धरला, घडी मोडू न देता. मी समोर बसलो होतो, मला पेपरची मागची बाजूसुद्धा वाचता येत होती, इतका उजेड होता. दाजी बराच वेळ बघत राहिले. मग पेपर दिव्याकडे कलता केला. मग खाली ठेवला.

“अगं,” त्यांनी हाक मारली. “अक्षरं पुसट दिसताहेत.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“किती पुसट?” तिने विचारलं.

“नखभर.”

ताईने हात पुसले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर आणली आणि पेपर हातात घेतला. दाजींनी डोळे मिटले नाहीत. उघडेच ठेवले आणि ती वाचत असताना तिच्याकडे बघत बसले.